आयरिश आणि इंग्रजी नावांचा माग कसा काढायचा

लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मराठी माणसाला त्यांचं आडनाव कुणी फोड करून सांगायची गरज पडली नाही. वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्याला ‘कर’ लागला, विषय संपला. पण त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या मर्फी, फिट्झजेराल्ड आणि हॅरिस या आडनावांपाशी आपण अडतो. आपल्या कानाला तिन्ही सारखीच ‘इंग्रजी’ वाटतात. प्रत्यक्षात मर्फी अस्सल गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषेतलं. फिट्झजेराल्ड बाराव्या शतकात आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन सरदारांचं. आणि हॅरिस म्हणजे इंग्लंडातल्या कुणा हॅरीची पोरंबाळं.

नेटवर अर्थ विचारला की उत्तर लगेच मिळतं: मर्फी म्हणजे समुद्रावरचा योद्धा. चूक नाही, पण अर्धवट आहे. ‘समुद्र-योद्धा’ हा अर्थ मुरखू या जुन्या पुरुषनावाचा. मर्फी म्हणजे त्या नावाच्या माणसाचे वंशज. त्यांच्यापैकी कुणी होडीत पाऊल ठेवलं होतं की नाही, हे आडनावावरून कळत नाही. शिवाय मुरखू नावाचे पुरुष एकापेक्षा जास्त होते, त्यामुळे वेक्सफर्डचे मर्फी आणि उत्तरेकडचे मर्फी मुळात एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

म्हणून माझा आग्रह आहे की अर्थ सगळ्यात शेवटी विचारावा. आधी गाव, मग साल, मग भाषा. कादंबरीचा अनुवाद करताना, जुन्या कबरीवरचं नाव वाचताना, परदेशातल्या सुनेच्या माहेरचं आडनाव समजून घेताना, कुठेही हाच क्रम कामाला येतो.

पायरी १: सगळ्यात जुनं लिखित रूप आणि त्याचं ठिकाण गाठा

आजचं स्पेलिंग हा पुरावा मानू नका. स्पेलिंग कायम ठेवायची सवय अलीकडची आहे. शेक्सपिअरच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या सहा सह्या उरल्या आहेत आणि त्यांतही आडनाव एकसारखं लिहिलेलं नाही. गावचा पाद्री किंवा कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहून घ्यायचा.

इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू झाल्या आणि जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ पासून. आयर्लंडमध्ये सर्वांसाठी सरकारी नोंदणी १८६४ पासून आहे. कॅथलिक सोडून इतरांच्या विवाहांची मात्र १८४५ पासूनच. आयरिश कागदपत्रांचं एक मोठं दुखणं आहे. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दफ्तर जळालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ च्या जनगणनेचे कागद तर सरकारनेच आधी नष्ट केले होते. त्यामुळे १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांना सोन्याचा भाव आहे. त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, कुटुंबप्रमुखाने भरलेल्या मूळ फॉर्मच्या चित्रासह. त्याआधीच्या काळासाठी १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ग्रिफिथची मूल्यांकन यादी आहे. जमीन कोणाच्या ताब्यात होती याची ती यादी, म्हणजे आपल्या सातबाऱ्याच्या जवळची चीज. कुठलं आडनाव कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दाटीने होतं, हे तिच्यावरून चटकन दिसतं.

आपल्याकडचा धागा हातात असेल, म्हणजे खडकी, देवळाली, अहमदनगर किंवा कुलाब्याच्या छावणीतला शिपाई, तर दोन जागा बघा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती आहेत; त्यांचा संदर्भ क्रमांक ‘एन ३’ने सुरू होतो. दुसरी जागा म्हणजे लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातले शिपायांच्या निवृत्तीचे कागद. त्यांत शिपायाचं जन्मगाव आणि काउंटी लिहिलेली असते, आणि आपल्याला तेच हवं असतं. आयरिश शिपाई इथे थोडेथोडके नव्हते. १८८१ मध्ये ‘रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स’ ही पलटण उभी राहिली, ती मद्रास आणि बॉम्बे फ्युजिलिअर्स या दोन जुन्या पलटणी एकत्र करून.

पायरी २: आयरिश असेल तर आधी त्याचा मुखवटा काढा

इथे जरा रेंगाळायला हवं. आयरिश आडनावं जगातल्या सगळ्यात जुन्या वंशपरंपरागत आडनावांत मोडतात. दहाव्या शतकापासून ती रुळायला लागली. घडण सोपी आहे. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ओब्रायन म्हणजे १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज. ओनील म्हणजे ९१९ मध्ये मेलेल्या नील ग्लूनडूव्हचे, ‘काळगुडघ्या नील’चे. ‘ओ’च्या पुढचं वरचं टिंब, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, मूळ आयरिशमध्ये नाही. तिथे ‘ओ’वर दीर्घ स्वराची तिरकी रेघ असते आणि पुढे मोकळी जागा.

‘एम-सी’ने सुरू होणारं आयरिश आणि ‘एम-ए-सी’ने सुरू होणारं स्कॉटिश, असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात. दुर्लक्ष करा. ‘एम-सी’ हा ‘मॅक’चा नुसता संक्षेप आहे आणि दोन्ही देशांत दोन्ही चालतात.

बायकांची रूपं वेगळी असतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ओ ब्रायनची मुलगी आयरिशमध्ये ‘नी व्रीन’ होते, मॅकवाल्यांची मुलगी ‘निक’ लावते आणि लग्न झालेली बाई ‘ई’ किंवा ‘विक’. डॉनेगॉलची गायिका एन्या हिचं पूर्ण नाव एन्या नी व्रीनॉन. इंग्रजीत त्याच घराण्याचं आडनाव ब्रेनन. एका यादीत ‘नी’ आणि दुसऱ्या यादीत ‘ओ’ दिसला म्हणून दोन कुटुंबं मोजू नका.

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी सत्तेचा जोर वाढला तसे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळत गेले. १८९३ मध्ये गेलिक लीगची स्थापना झाली, आयरिश भाषेला पुन्हा मान आला आणि अनेकांनी ते परत लावले. काहींनी लावले, काहींनी नाही. म्हणून सलिव्हन आणि ओसलिव्हन दोन्ही आहेत. मात्र गळताना या उपसर्गांनी खुणा मागे ठेवल्या. ‘ओ’नंतर स्वर आला की आयरिशमध्ये मधे ‘ह’ येतो. ‘ओ’ गेला, ‘ह’ चिकटून राहिला: होगन, हिगिन्स आणि हेगर्टी ही सगळी मुळात स्वराने सुरू होणारी नावं. तसाच ‘मॅक’चा शेवटचा ‘क’ पुढच्या नावाला चिकटला. ईगन आणि कीगन हे एकाच ‘मॅक ईगॉन’चे दोन अवतार, एकाने ‘क’ टाकला, दुसऱ्याने ठेवला. कीओ, गेराटी यांच्या सुरुवातीलाही हाच उरलेला ‘क’ किंवा त्याचा ‘ग’ आहे. अशी आडनावं शब्दकोशात ‘क’ किंवा ‘ह’खाली शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

‘मल’ किंवा ‘गिल’ने सुरुवात होत असेल तर घराणं बहुधा कुणा संताच्या नावाने ओळखलं जाणारं. ‘मील’ म्हणजे मुंडन केलेला, भक्त. ‘गिल्ला’ म्हणजे सेवक. मलोन म्हणजे संत जॉनच्या भक्ताचे वंशज. गिलेस्पी म्हणजे बिशपच्या सेवकाचा मुलगा. टिपररीतल्या रायनांचं जुनं रूपही ‘ओ मीलरीन’. ‘मील’ पूर्ण झडून गेला. आपल्याकडच्या ‘दास’वाल्या नावांची घडण अशीच, फक्त तिथे ती आडनावांत गोठली.

मग येतात बाहेरून आलेले. व्हायकिंग लोकांची आठवण डॉइलमध्ये आहे: ‘डूव्ह’ काळा, ‘गॉल’ परका, म्हणजे काळा परदेशी. मॅकऑलिफमध्ये ओलाफ लपलाय, मॅकमॅनसमध्ये मॅग्नस. परक्याचं नाव आणि त्याला लावलेला ‘मॅक’ अस्सल आयरिश. यावरून ही मंडळी इथे किती मुरली ते समजतं. नॉर्मन ११६९ मध्ये आले. ‘फिट्झ’ हे त्यांच्या फ्रेंचमधलं ‘मुलगा’. अनौरस मुलाला ‘फिट्झ’ लावतात ही समजूत पुढच्या काळातल्या फिट्झरॉयसारख्या राजघराण्यातल्या नावांमुळे पसरली. मूळ फिट्झजेराल्डांना ती लागू नाही. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना लागणाऱ्या आंबेनळी घाटाला जुन्या नकाशांत फिट्झजेराल्ड घाट म्हणत. ते आडनाव याच कुळीचं. गंमत म्हणजे फिट्झपॅट्रिक हा ‘फिट्झ’वाला असूनही नॉर्मन नाही. ते मुळात ‘मॅक गिल्ला फॉड्रिग’, संत पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा. सोळाव्या शतकात दरबारी थाटाचं रूप घेतलं, एवढंच. बर्क हे ‘डी बर्ग’, आणि १८७२ मध्ये अंदमानात मारला गेलेला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचं आडनाव याचंच एक रूप. वॉल्श म्हणजे वेल्सचा. नॉर्मनांबरोबर जे वेल्श शिपाई आले त्यांना आयरिश लोक ‘ब्रॅनख’ म्हणत आणि आजही आयरिशमध्ये वॉल्शचं तेच रूप आहे.

शेवटचा आणि सगळ्यात फसवा मुखवटा म्हणजे भाषांतर. १४६५ मध्ये डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी अमलाखालच्या पट्ट्यासाठी कायदा झाला की तिथल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनाव घ्यावं: गावाचं, जसं सटन, चेस्टर, ट्रिम, कॉर्क, रंगाचं, जसं व्हाइट, ब्लॅक, ब्राउन, कसबाचं, जसं स्मिथ, कार्पेंटर, नाहीतर हुद्द्याचं, जसं कुक, बटलर. कायदा पाळला किती गेला हा भाग निराळा, पण पुढच्या शतकांत भाषांतराची वाट मळून गेली. लोहाराला आयरिशमध्ये ‘गौ’ म्हणतात. त्याचा मुलगा मॅकगौन. लीट्रिम आणि स्लायगोकडे तो मॅकगौनच राहिला, कॅव्हनमध्ये बहुतेक जण स्मिथ झाले. म्हणजे कॅव्हनचा स्मिथ दिसला की इंग्रज वसाहतवाला असं गृहीत धरू नका.

भाषांतरं चुकीचीही झाली. गॉलवेकडचे मॅक कॉनरी इंग्रजीत किंग झाले, कारण नावाचा शेवट ‘री’ असा ऐकू येतो आणि ‘री’ म्हणजे राजा. सुताराला ‘सीर’ म्हणतात आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ मोकळा, स्वतंत्र. म्हणून ‘मॅक अन तीर’चे कुठे कार्पेंटर झाले, कुठे फ्रीमन, कुठे नुसते मॅकअटीर.

एक नाव जवळून: वॉर्ड

समजा हातात ‘वॉर्ड’ आहे. इंग्रजी कोश सांगेल, पहारेकरी. यॉर्कशायरमध्ये बरोबर. पण कागद डॉनेगॉल किंवा गॉलवेचा असेल तर थांबा. तिथलं रूप ‘मॅक अन वॉर्ड’. मधला शब्द मुळात ‘बॉर्ड’, म्हणजे भाट, कवी. षष्ठीत त्याच्या ‘ब’चा ‘व’ होतो. लिहिताना ‘बी’पुढे ‘एच’ टाकतात, ऐकताना ‘व’ येतो. इंग्रज कारकुनाने ‘वॉर्ड’ ऐकलं, ओळखीचा शब्द मिळाला, लिहून टाकला. आता डॉनेगॉलमध्ये ओडॉनल राजांच्या पदरी या घराण्याचे कवी पिढ्यान्‌पिढ्या होते, हे लक्षात घेतलं की चित्र पक्कं होतं. दोन देशांत एकच स्पेलिंग, एकाचा पूर्वज वेशीवर भाला घेऊन उभा, दुसऱ्याचा राजासमोर कवन म्हणतोय.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. कॉलिन्स इंग्लंडात निकोलसच्या लाडक्या रूपावरून आलं, कॉर्कमध्ये ‘ओ कोलॉन’वरून. मूर इंग्लंडात माळरानाशी राहणारा, आयर्लंडात ‘ओ मोरा’. हेज इंग्लंडात कुंपणाच्या जागेवरून, आयर्लंडात ‘ओ हे’ म्हणजे ‘ए’ नावाच्या पुरुषाच्या वंशजांचं. क्लार्क दोन्हीकडे शिकलेल्या, धर्मकार्यातल्या माणसाशीच जातं, पण आयरिश क्लार्क हे ‘ओ क्लेरी’चं भाषांतर. या पाचांपैकी एखादं समोर आलं की काउंटी कळल्याशिवाय तोंड उघडू नये.

पायरी ३: इंग्रजी आडनाव चारांपैकी एका खान्यात बसवा

इंग्लंडात आडनावं १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर वरच्या वर्गातून खाली झिरपली आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक कुटुंबांत टिकाऊ झाली. खाने चार: गाव किंवा जागा, व्यवसाय, बापाचं नाव आणि टोपणनाव.

गावाची आडनावं शेवटावरून ओळखू येतात. ‘टन’ म्हणजे वाडी-वस्ती, ‘हॅम’ म्हणजे घर किंवा गाव, ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा, ‘फर्ड’ म्हणजे नदी ओलांडायचा उतार. ‘बी’ आणि ‘थॉर्प’ आले तर डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांच्या वसाहतीचा पूर्व-उत्तर भाग डोळ्यांपुढे आणा: क्रॉस्बी, विलोबी. जागेची आडनावं याहून छोटी असतात. नॅश म्हणजे ‘अ‍ॅट्टन अ‍ॅश’, अ‍ॅश झाडापाशी राहणारा. आधीच्या शब्दाचा ‘न’ नावात सरकला. नोक्स तसाच, ओक झाडांपाशी.

व्यवसायाच्या आडनावांत सगळे स्मिथ-टेलर सांगत बसतात. मला त्यापेक्षा फुलर, वॉकर आणि टकर महत्त्वाचे वाटतात, कारण तिघांचं काम एकच होतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड सैल आणि तेलकट असतं. ते पाण्याच्या हौदात टाकून, विशिष्ट माती किंवा शिळं मूत्र घालून, पायांनी तासन्‌तास तुडवायचं. मग ते आटतं, दाट होतं, त्यातलं तेल निघून जातं. दक्षिण-पूर्व इंग्लंडात या माणसाला फुलर म्हणत, उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर, आणि डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. म्हणजे वॉकरचा फिरायला जाण्याशी संबंध नाही, तुडवण्याशी आहे. आणि अर्थाइतकीच मोलाची गोष्ट अशी की या तीन आडनावांवरून पूर्वजांच्या प्रदेशाचा अंदाजही बांधता येतो.

‘स्टर’ हा शेवट मुळात बायकांसाठी होता: बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, वेब्स्टर म्हणजे विणणारी, ब्रूस्टर म्हणजे बिअर गाळणारी. पुढे तो पुरुषांनाही लागला. स्पेन्सर हा मोठ्या घरातला कोठीवाला, मार्शल मूळचा घोड्यांची निगा राखणारा, फ्लेचर बाण करणारा, चँडलर मेणबत्त्यांचा, रीव्ह गावचा कारभारी.

बापाच्या नावात मेख आहे लाडक्या रूपांची. मध्ययुगात जॉन, रॉबर्ट, रिचर्ड अशी मोजकी नावं सगळीकडे होती, म्हणून लोक त्यांची यमकी रूपं पाडायचे. रॉबर्टचा रॉब, त्याचे हॉब आणि डॉब. त्यातून रॉबसन, हॉब्सन, डॉब्सन, हॉपकिन्स. रिचर्डचा रिक, त्याचे डिक आणि हिक. त्यातून डिक्सन, हिक्स. निक्सन निकोलसचा, गिब्सन गिल्बर्टचा, वॉटसन वॉल्टरचा. आईच्या नावाचीही आहेत: टिलटसन मटिल्डाचं, मॅरियट मेरीचं. ‘सन’ शेवट उत्तरेकडे जास्त, नुसता ‘स’ दक्षिण-पश्चिमेला आणि वेल्सकडे. वेल्सची स्वतःची खूण म्हणजे सुरुवातीचा ‘प’ किंवा ‘ब’: वेल्शमधलं ‘अ‍ॅप’ म्हणजे मुलगा. अ‍ॅप हॉवेलचा पॉवेल, अ‍ॅप रीसचा प्राइस, अ‍ॅब ओवेनचा बोवेन.

टोपणनावांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. रसेल लालसर केसांचा, आर्मस्ट्राँग दणकट हातांचा, इथवर ठीक. पण ब्लॅक? जुन्या इंग्रजीत जवळजवळ सारखे दोन शब्द होते, एक काळ्याला आणि एक फिकट गोऱ्याला, आणि जुन्या नोंदींत ते वेगळे करता येत नाहीत. पोप, बिशप, किंग आडनावाच्या घराण्यात राजे किंवा धर्मगुरू शोधू नका. जत्रेतल्या नाटकात तो सोंग घ्यायचा, किंवा तोरा तसा मिरवायचा, इतकंच असतं.

पायरी ४: पहिलं नाव वेगळं तपासा

जुनी इंग्रजी नावं दोन तुकड्यांची. एडवर्ड म्हणजे संपत्ती अधिक राखणदार, अ‍ॅल्फ्रेड म्हणजे यक्षासारखे अमानवी जीव अधिक सल्ला. ही वाक्यं नव्हेत. आईबाप आपल्या नावांतले तुकडे जोडून मुलाचं नाव पाडत, त्यामुळे वुल्फस्टनमध्ये ‘लांडगा’ आणि ‘दगड’ यांचा मेळ बसवायला जाऊ नये. १०६६ नंतर नॉर्मनांची विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड आली आणि दीड-दोनशे वर्षांत जुनी नावं जवळजवळ पुसली गेली. एडवर्ड टिकलं ते मुख्यतः संतपद मिळालेल्या राजामुळे. अ‍ॅल्फ्रेड आणि एडिथ यांना व्हिक्टोरियन काळात पुन्हा बहर आला, व्हायलेट, लिली, डेझी ही फुलांची नावंही तेव्हाचीच लाट. अ‍ॅशली, शर्ली यांचा प्रवास तर गावापासून: गाव, मग आडनाव, मग मुलाचं नाव, आणि शेवटी मुलीचं. शर्ली १८४९ पर्यंत पुरुषी होतं. त्या वर्षी शार्लट ब्राँटेने कादंबरीच्या नायिकेला ते दिलं आणि पारडं फिरलं. व्हनेसा हे नाव तर डब्लिनच्या जोनाथन स्विफ्टने एका मैत्रिणीच्या नाव-आडनावाचे तुकडे जोडून बनवलं. त्याला ‘प्राचीन ग्रीक अर्थ’ देणारी पानं सरळ बंद करावीत.

आयर्लंडात एकाच जॉनची कितीतरी पोरं आहेत. लॅटिनमधून थेट आलेला ओइन. नॉर्मन फ्रेंचमधून आलेला शॉन. फ्रेंच झानवरून शिव्हॉन. तिच्याच लाडक्या रूपावरून शिनेड. पॅट्रिक आणि मेरीचं उलट. ती इतकी पवित्र मानली जात की साध्या माणसाला ठेवत नसत. पॅट्रिक सर्रास झालं ते सतराव्या शतकाकडे, आणि कुमारी मेरीसाठीचं ‘म्विरे’ हे रूप आजही राखीव, मुलींसाठी ‘मॉरे’. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य, आणि नाव म्हणून ते विसाव्या शतकातलं. फीआ हे तर अगदी ताजं, तरी २०२१ मध्ये आयर्लंडात मुलींच्या नावांत ते पहिलं आलं. याउलट कॉलीन आणि एरिन ही अमेरिकेतल्या आयरिश वंशजांची आवड; ‘कॉलीन’ म्हणजे नुसतं ‘मुलगी’, त्यामुळे आयर्लंडातले लोक पोरीला ते फारसं ठेवत नाहीत.

कागदपत्रांत शोधताना आयरिश-इंग्रजी जोड्यांचं कोष्टक जवळ ठेवा. पाद्री लोक आयरिश नावाऐवजी जवळपासचं बायबलातलं किंवा लॅटिन नाव लिहायचे. टाइगचा टिमथी किंवा थॅडियस झाला, डिअरमिडचा जेरेमाया, कॉनहरचा कॉर्निलियस, डोनलचा डॅनियल, टर्लाचा टेरेन्स, सोरखाची सारा, ग्रॉन्याची ग्रेस. १५९३ मध्ये राणी एलिझाबेथला भेटलेली ग्रेस ओमॅली म्हणजे मूळची ग्रॉन्या. कॉर्कमधल्या जेरेमायाचा अर्थ हिब्रूत शोधण्यात काही हशील नाही, घरी तो डिअरमिडच होता.

परदेशातल्या मराठी आईबापांसाठी एक उपयोगाची गोष्ट: तिकडे आणि इकडे दोन्हीकडे खपतील अशी काही नावं योगायोगाने जुळतात. किरण आणि किअरॉन, म्हणजे छोटा सावळा. नील आणि नीअल. तारा, कारण मीथ काउंटीत आयरिश महाराजांची टेकडी त्याच नावाची आहे. शीला, जी आयरिशमध्ये सेसिलियाचं रूप आहे. उगम वेगवेगळे आहेत. ते एकच असल्याचा दावा कुणी केला तर मान हलवू नका.

पायरी ५: उच्चार देवनागरीत लिहून ठेवा

आयरिश स्पेलिंगला नियम आहेत, फक्त ते इंग्रजीचे नाहीत. ‘बी-एच’ आणि ‘एम-एच’ म्हणजे ‘व’. ‘डी-एच’ आणि ‘जी-एच’ शब्दाच्या मधे बहुधा गिळले जातात. ‘ए-ओ-आय’ म्हणजे दीर्घ ‘ई’. ‘एस’पुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आलं की ‘श’. यावरून ईफा, नीव्ह, कीव्हा, रोशीन, अशीन, मेव्ह ही नावं बसतात. स्पेलिंग बघून ‘निआम्ह’ किंवा ‘सिओभान’ लिहिणारे अनुवाद आजही छापले जातात. कीव्हाला उत्तरेत क्वीव्हा म्हणतात, सीर्शाला काही भागांत सर्शा, तेव्हा काउंटी इथेही लागते.

पायरी ६: विकत मिळणारी उत्तरं बाजूला ठेवा

विमानतळावरच्या दुकानांत आडनावाचं ‘कुलचिन्ह’ छापलेले मग मिळतात. चिन्ह एका विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलेलं असतं, आडनावाच्या सगळ्यांना नाही. घरात मग ठेवा, वंशावळीत चिटकवू नका. ‘न्यूयॉर्कला एलिस आयलंडवर उतरताना अधिकाऱ्याने आमचं नाव बदललं’ ही गोष्टही घराघरांत सांगतात. तिथले कारकून जहाजाच्या यादीवरून हजेरी घेत आणि ती यादी निघताना बनलेली असे. नाव बदललं असेल तर ते सहसा पुढे, कुटुंबाने स्वतः.

नावं मोठी माणसंही बदलतात. १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली डब्लिनचा, आणि १७९८ पर्यंत तो आर्थर वेस्ली होता. घराण्याने जुनं लांब रूप परत घेतलं; ते मुळात सॉमरसेटमधल्या वेल्स नावाच्या गावाजवळच्या जागेचं (वेल्स देश वेगळा). असईच्या सहा वर्षं आधीच्या कागदात ‘वेलस्ली’ शोधलं तर हा माणूस सापडायचा नाही.

भरवशाचा आधार हवा असेल तर ऑक्सफर्डने २०१६ मध्ये काढलेला ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश मोठ्या ग्रंथालयात बघा. त्यात प्रत्येक नावापुढे जुन्या नोंदी सालासकट दिल्या आहेत. आयरिश गावांच्या नावांसाठी सरकारी ‘लॉगनम’ संकेतस्थळ आहे.

पायरी ७: नोंद अशी लिहा

वहीत नुसतं ‘वॉर्ड: पहारेकरी’ लिहू नका. मिळालेलं सगळ्यात जुनं रूप, त्याचं साल, गाव आणि काउंटी, भाषा, मग अर्थ, आणि शेवटी तो पक्का की अंदाजी. वादग्रस्त असेल तर दोन्ही मतं लिहा. केनेडीबद्दल ‘शिरस्त्राण घातलेलं डोकं’ आणि ‘कुरूप डोकं’ अशी दोन्ही आहेत. ओसलिव्हनमधला पहिला तुकडा ‘डोळा’ हे सर्वमान्य, पुढचा काळा की एकच की बहिरी ससाण्याचा, यावर एकमत नाही. कुणाच्या लग्नपत्रिकेसाठी किंवा बारशासाठी अर्थ विचारला असेल, तर केनेडींना कुठला पर्याय कळवायचा ते तुमच्या शहाणपणावर सोडतो.